नववीतल्या वाचकासाठी पान कुठलं? : परीक्षण छापून आणण्याचा माझा अनुभव

कादंबरी वाचून झाली, टिपणं झाली, परीक्षण लिहून झालं. यातलं काहीच अडलं नाही. अडलं ते वर्तमानपत्राच्या कचेरीत, आणि तेही एकाच प्रश्नावर: पुस्तक लहानांचं की मोठ्यांचं? त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सोलापूरच्या पूर्व भागात, मराठी शाळेत आठवी-नववीला शिकवते. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड. कुणाचे वडील यंत्रमागावर, कुणाची आई टॉवेलच्या शिलाईला. कादंबरीही अशाच घरातली होती. नववीतली मुलगी, काम सुटल्यावर दारूला लागलेला बाप, आणि एका मुलाबद्दल तिला वाटणारी ओढ. पुस्तकाचं नाव मुद्दाम घेत नाही, लेखकाचा यात काही संबंध नाही. लिहिण्याआधी मी ती वर्गातल्या एका मुलीला वाचायला दिली. परत करताना ती म्हणाली, "बाई, हिची आई भांडतानापण धड्यातल्यासारखं बोलते. आमच्यात राग आला की आधी तेलुगूच निघतं." मी ते तिच्याच शब्दांत परीक्षणात घेतलं. लेखकाने घर अचूक टिपलंय, पण त्या घराची बोली त्याच्या कानात शिरलेली नाही, हे मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

परीक्षण रविवारच्या पुरवणीकडे पाठवलं. बरेच दिवस काहीच कळेना. फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, नायिका नववीत आहे ना? मग ते मुलांच्या पानाकडे दिलंय." मुलांचं पान दुसऱ्यांकडे. ते म्हणाले, "हे बघा ओ मॅडम, आमचं पान चौथी-पाचवीची पोरं वाचतात. बापाची दारू आणि ते मुलाबिलाचं काढा, दीडशे शब्दांत द्या, लगेच लावतो." ते काढलं तर कादंबरीत उरतं काय? मी नाही म्हटलं. परीक्षण परत पुरवणीकडे गेलं. तिकडून पुन्हा तेच, "मुलांचं पुस्तक आहे, आमचा वाचक वेगळा." एकाच इमारतीत माझा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता, आणि दोघांनीही कादंबरी उघडलेली नव्हती.

शेवटी एप्रिलच्या उन्हात स्वतः गेले. तिथे मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'चं उदाहरण दिलं. २००४ साली आलेली कादंबरी, आणीबाणीच्या काळातली, नववीतल्या मुलांची. ती आज नव्याने आली असती तर कुठल्या पानावर घेतली असती? "ती मोठ्यांचीच की." मग ही का नाही? यावर, "युवा पुरस्कार वगैरे मिळालाय का हिला? मग युवा म्हणून काहीतरी करता येईल." साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून आहे, पण तो पस्तिशीपर्यंतच्या लेखकांसाठी. त्यात लेखकाचं वय बघतात, वाचकाचं नाही. बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून वेगळा दिला जातो. तेरा ते अठराच्या वाचकाला आपण दोन्हीकडे पाहुणा करून ठेवलंय. त्याच वयात वाचन सुटतं, हे मी वर्गात दरवर्षी बघते आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

मार्ग निघाला तो संपादकांना लिहिलेल्या पत्राने. एक पान, हाताने लिहिलेलं, सोबत कादंबरीची प्रत. मागणी एवढीच की पुरवणीत छापा आणि तपशिलाच्या चौकटीत किंमत, पृष्ठसंख्येबरोबर 'वय तेरा आणि पुढे' एवढं टाका. त्यांनी कादंबरी वाचली. परीक्षण मुलीच्या वाक्यासकट छापून आलं, चौकटीतल्या ओळीसकट. मी ते पान वर्गाच्या फलकावर लावलं आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

कुणाला असं लिहायचं असेल तर आठवेल तसं सांगते. मजकूर युनिकोडमध्ये पाठवा, पण सोबत पीडीएफ जोडाच. कचेरीत अजून श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट वापरत असतील तर मजकूर बदलून घेताना जोडाक्षरांची वाट लागते. सकाळी फोन करू नका, टेबलं रिकामी असतात, दुपारनंतर करा. पुरवणी रविवारच्या दोन-तीन दिवस आधीच लागते, त्यामुळे शुक्रवारी चौकशी करून उपयोग नाही. परीक्षणासाठी बहुतेक ठिकाणी पुस्तकाच्या दोन प्रती मागतात. त्या प्रकाशकाने द्यायच्या असतात, आपली खुणा केलेली प्रत कधीच देऊ नका. 'संस्कारक्षम' हा शब्द टाळा, तो वाचला की नववीची मुलं पुस्तक खाली ठेवतात. शेवट फोडू नका. आणि त्या वयाच्या एका तरी मुलाला पुस्तक वाचायला दिल्याशिवाय लिहायला बसू नका.

राहिलंच एक. छापून आलं की कात्रण प्रकाशकाला पाठवा. मी पाठवलं, तेव्हापासून त्यांच्या नव्या कुमार कादंबऱ्या शाळेच्या पत्त्यावर येतात. सध्या दोन आल्यात, आणि त्या कुणी आधी न्यायच्या यावरून नववीच्या वर्गात भांडण चालू आहे.