कानाने शिकले ते कामाला आलं

मी आता चर्चमध्ये पाळक आहे, बीडी म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी ही पदवी केलीय, हे आपल्या बॅचमधल्या बऱ्याच जणांना माहीत नाहीये आणि ज्यांना कळतं ते आधी हेच विचारतात की तुला तर धड वाचता येत नव्हतं, मग हिब्रू ग्रीक या बायबलच्या मूळ भाषा कशा काय केल्यास. त्याचं खरं उत्तर आपल्या शाळेतच आहे, म्हणून शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी तेच लिहितेय.

माझं वाचन कसं होतं ते सगळ्या वर्गाला माहीत होतं. घ आणि ध, भ आणि म मला सारखेच दिसायचे, जोडाक्षर आलं की मी तिथेच अडकायचे, फळ्यावरचं अर्धं उतरवून होईपर्यंत फळा पुसलेला असायचा. डिस्लेक्सिया हा शब्द आमच्या घरात कुणी ऐकलेला नव्हता, आईला वाटायचं चष्मा लागला असेल. त्यात आठवीत टाइप वन डायबेटिस निघाला. म्हणजे रोज इन्शुलिन, जन्मभर, कारण शरीर ते बनवतच नाही. गोड खाऊन होत नाही हो हा आजार, हे आजही लोकांना सांगावं लागतं.

आपल्या मराठीच्या बाई कविता आधी चालीत म्हणून घ्यायच्या आणि मगच पुस्तक उघडायला लावायच्या. धडा वाचायला त्यांनी मला कधी उभं केलं नाही, शेजारची मुलगी वाचायची आणि बाई मला म्हणायच्या, "तू नुसतं ऐक आणि मला सांग काय झालं ते." आणि मी सांगायचे, सगळंच्या सगळं, कोण कुणाला काय म्हणालं ते पण. मला काही येतं हे मला तिथे कळलं. स्टाफरूममध्ये बाईंच्या कप्प्यात माझ्यासाठी साखरेची बरणी असायची. शुगर उतरली की हात थरथरायचे, घाम फुटायचा, मैत्रिणी धरून न्यायच्या, बाई तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजायच्या आणि घड्याळात बघून पंधरा मिनिटं तिथेच बसवून ठेवायच्या, तास कुणाचाही असो. पुढे डॉक्टरांनी शिकवलं तेही अगदी हेच, पंधरा ग्रॅम साखर आणि पंधरा मिनिटं थांबून परत तपासणं.

बीए झाल्यावर मी सेमिनरीला, म्हणजे पाळकाचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजला, जायचं म्हटलं तेव्हा घरचे, आमच्या चर्चच्या मंडळीतले, सगळेच घाबरले. पुण्यात या शिक्षणाची कमी नाहीये, बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे जी १९८३ मध्ये यवतमाळहून इथे आली, नगर रोडला कॅथलिकांचं ज्ञानदीप विद्यापीठ आहे जे १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून आलं. माझी सेमिनरी या दोन्हींपेक्षा लहान, पण डिग्री सेरामपूर विद्यापीठाची.

पहिलं वर्ष फार जड गेलं. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचायची, आणि त्यात दालेथ आणि रेश ही अक्षरं इतकी सारखी की फरक फक्त एका कोपऱ्याचा. पण गंमत बघा, बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातलं ६:४ हे जे सगळ्यात महत्त्वाचं वचन, त्यातला शेवटचा दालेथ जुने लेखनिक मुद्दाम मोठा काढायचे, त्याचं एक कारण असं सांगतात की कुणी तो रेश म्हणून वाचू नये. हे वर्गात ऐकलं तेव्हा मला रडू आलं. चांगल्या डोळ्यांच्या माणसांनाही हीच भीती होती तर! मग मी शाळेचीच पद्धत धरली, मैत्रिणीकडून वचनं मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्यायची, चालीत पाठ करायची आणि मग पान उघडायचं. स्तोत्र २३ मला हिब्रूत आजही तोंडपाठ आहे.

परीक्षेला लेखनिक मागितला तर एक सर म्हणाले, ज्याला स्वतःला लिहिता येत नाही तो प्रवचन काय करणार. लागलं मनाला. कायदा माझ्या बाजूने होता, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लर्निंग डिसॅबिलिटी स्पष्ट आहे, पण त्याहून जास्त आधार मला शास्त्राचाच वाटला. बायबलमधल्या प्रेषित पौलाने रोमकरांस पत्र तोंडी सांगितलं आणि लिहिलं तर्तियुसाने, तो सोळाव्या अध्यायात स्वतःचं नाव घालून सलामही सांगतो. यिर्मया संदेष्टा बोलायचा आणि बारूख लिहायचा, राजाने गुंडाळी जाळली तर परत सगळं सांगून लिहून घेतलं. आपल्या पंडिता रमाबाईंना तर आईने भागवत तोंडीच शिकवलं होतं, त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. मला लेखनिक मिळाला.

उपवासाचं मात्र खरंच अवघड होतं. गुड फ्रायडेला बारा ते तीन उपासना, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात प्रवचनं, सगळे उपाशी आणि मी मधेच बिस्किट खाणार, त्यावरून कुजबूज व्हायची. उपवास केला तरी इन्शुलिन बंद करून चालत नाही, नाहीतर जिवावर बेतू शकतं. बायबलमधला एलीया संदेष्टा थकून झाडाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश नाही केला, उठ आणि खा म्हणाला, भाकर आणि पाणी दिलं, तेही दोनदा. आता माझ्या मंडळीत मी दरवर्षी उपासनेआधी उभी राहून सांगते की शुगरवाल्यांनी, गरोदर बायकांनी, म्हाताऱ्यांनी खाऊन यायचं, आणि बिस्किटाचा पुडा सगळ्यांसमोर पुढच्या बाकावर ठेवते.

महोत्सवाच्या निधीतून नवीन बाकं आणि प्रोजेक्टर घेणार असं कळलं, घ्याच. पण त्यातून थोडे पैसे पाचवी ते दहावीचे धडे कुणाकडून तरी नीट वाचून रेकॉर्ड करून घ्यायला ठेवा अशी माझी फार इच्छा आहे, आणि स्टाफरूममध्ये साखरेची बरणी. वाचताना अडकणारी मुलं आत्ताही कुठल्या ना कुठल्या वर्गात असणारच. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी मोकळी असते, त्यांच्याजवळ बसायला नक्की येईन, माझा नंबर ऑफिसात दिलाय.