गोवराच्या बाटलीला पाच मुलं

गोवराची लस न देता दुसऱ्यांदा परत पाठवलं तेव्हा मी उपकेंद्राच्या पायरीवरच बसले. मांडीवर दहा महिन्यांचं पोर, आणि आतून सिस्टरांचं तेच: "एकट्यासाठी बाटली कशी फोडू? पाच डोस असतात. चार वाया गेले की वर हिशेब मला द्यावा लागतो."

गरोदरपणातली इंजेक्शनं, बीसीजी, साडेतीन महिन्यांपर्यंतचं सगळं माहेरी बार्शीला बिनबोभाट झालं होतं. सासरी शिरोळकडे आले आणि गोवर-रुबेलावर अडकले. नवव्या महिन्यात न्यूमोनियाची, पोलिओची सुई दिली, 'अ' जीवनसत्त्व पाजलं, गोवराचं मात्र "पुढच्या सत्राला". आमच्याकडे सत्र महिन्यातून एकदा. म्हणजे एकदा 'नाही' म्हटलं की महिना गेला!

पावडर कालवली की ती लस चारच तास चालते, हे खरं. पण एकच मूल आलं तरी बाटली फोडायची, उरलेली वाया गेली तरी चालेल, असाच सरकारी नियम आहे. हे मला कळलं फार उशिरा, नाहीतर पायरीवरून उठलेच नसते.

शेवटी आशाताई म्हणाल्या, "वहिनी, कोप्यांवर पोरं आहेत की." बीडकडची ऊसतोड टोळी गावाबाहेर कोप्या, म्हणजे झोपड्या, घालून उतरली होती. आदल्या संध्याकाळी दोघी गेलो. एका बाईनं पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं. मूल अकरा महिन्यांचं, शेवटची नोंद दीड महिन्याची. दुसरीची सासू म्हणाली, "सुईनं ताप येतो, मग पोराला घेऊन बसायचं कुणी?" चुकीचं नव्हतं तिचं, एक दिवस बसलं की कोयत्याची मजुरी बुडते. शिवाय ही माणसं पहाटेच फडात, आणि सत्र दहाला. आशाताईंनी मुकादमाला गाठून तीन आयांना दुपारपर्यंत थांबवून घेतलं.

सकाळी माझं धरून चारच मुलं जमली. सिस्टरांनी मोजली, माझ्याकडे बघितलं आणि बाटली फोडली. अकरा महिन्यांच्या त्या पोराला पेंटाचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीचा, राहिलेला पुढचा डोसही त्याच वेळी मिळाला.

आणि हो, माहेरी यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, नाव घालताना स्वतःचाच मोबाइल नंबर द्या. मी भावाचा दिला होता. नोंदीच्या वेळी मला तो नंबर आठवेना, आणि भाऊ शेतात, फोन घरी चार्जिंगला.