पिवळं पाणी आणि अण्णांची वही

बेचाळीस प्रश्नांचा तो फॉर्म मीच बनवला होता. सांडपाण्यावर प्रक्रिया करता का, ओव्हरटाइम दुप्पट दराने देता का, कामगारांना हातमोजे देता का, प्लेटिंगला, म्हणजे धातूच्या मुलाम्याला, हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) वापरता का, वगैरे. आमची कंपनी नवी मुंबईत महापेला. इलेक्ट्रिकल पॅनेल बनवते, बराच माल युरोपात जातो. तिथे विद्युत उपकरणांत हे क्रोमियम जुलै २००६ पासून ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही, त्यामुळे ग्राहक दरवर्षी विचारतातच. यंदा त्यांना पुरवठादारांचीही माहिती हवी होती. मी व्हेंडर डेव्हलपमेंट, म्हणजे पुरवठादारांचं काम बघते, म्हणून काम माझ्याकडे आलं.

एकतीस फॉर्म भरून आले. जिथे ‘हो’ हवं तिथे ‘हो’, जिथे ‘नाही’ हवं तिथे ‘नाही’. नऊ फॉर्मवर तर अक्षरही एकाच माणसाचं होतं.

मग एका शनिवारी सगळ्यांना बोलावून आम्ही प्रशिक्षण घेतलं. पडद्यावर इंग्रजी स्लाइड, समोर रबाळे, पावणे, तुर्भ्याचे छोटे कारखानदार. कुणी एक प्रश्न विचारला नाही. जेवणानंतर हात धुताना अण्णा भेटले. रबाळ्यात त्यांचं झिंक प्लेटिंगचं, म्हणजे जस्ताचा मुलामा चढवण्याचं युनिट आहे, चौदा माणसं, आमचं काम सोळा वर्षांपासून करतात. म्हणाले, “ताई, फॉर्ममध्ये जे विचारलंत ते कागदावर सगळं आहे. खरं बघायचं असेल तर सोमवारी या. फक्त फाईल आणू नका.”

मी गेले, फाईल न घेता.

शेडमध्ये ॲसिडचा वास नाकात बसतो. टाक्यांची रांग, त्यात जिगला (टांगायच्या सांगाड्याला) टांगलेले आमचे ब्रॅकेट खालीवर होत होते. शेवटाला पॅसिव्हेशनच्या, म्हणजे जस्तावर गंजरोधक थर चढवायच्या दोन टाक्या. निर्यातीचा माल ट्रायव्हॅलंटच्या (क्रोमियमच्या कमी घातक रूपाच्या) टाकीत, तो निळसर पांढरा निघतो. देशातला माल शेजारच्या टाकीत, तो सोनेरी पिवळा. तेच हेक्साव्हॅलंट. स्वस्त पडतं, बाथ सांभाळायला सोपा, आणि गंजाला टिकतो म्हणून आमच्याच ड्रॉइंगवर अजून पिवळं लिहिलेलं.

त्या टाकीवर एक पोरगा होता, विशीतला. रबरी हातमोजा घातलेला, पण बोटाला चिरलेला. मी हात बघू का विचारलं. दोन बोटांच्या सांध्यांवर मुगाच्या दाण्याएवढे गोल खड्डे, कडा उचललेल्या. “दुखतं का?” तर म्हणाला, “नाही मॅडम, फक्त भरत नाही.” याला क्रोम होल म्हणतात, हे मी अकरा वर्षं स्लाइडवर वाचत होते. युरोपातल्या ग्राहकाच्या पॅनेलमध्ये क्रोमियम जाऊ नये म्हणून आम्ही दाखले गोळा करत होतो आणि रबाळ्यातल्या या हाताला ते रोज लागत होतं. मला तिथे खूप लाज वाटली.

अण्णांनी मग काचेच्या बरणीत धुण्याचं पाणी घेतलं, लिंबू सरबतासारखं पिवळं. त्यात ॲसिडचे थेंब टाकून पीएचची पट्टी बुडवली. अडीचच्या आसपास आल्यावर चमचाभर मेटा, म्हणजे सोडियम मेटाबायसल्फाइट. काडी पेटवल्यासारखा उग्र वास आला आणि बघता बघता पिवळं पाणी हिरवं झालं. विषारी क्रोमियमचं रूप बदललं ते हे. वर चुन्याचं पाणी ओतल्यावर राखाडी हिरवे गोळे धरले, तळाला बसले, वर नितळ पाणी. तो गाळ धोकादायक कचरा. नोंद करून, ९० दिवसांच्या आत तळोज्याच्या धोकादायक कचऱ्याच्या केंद्रात पाठवायचा. पाण्यात हेक्साव्हॅलंट लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त राहता कामा नये.

“एवढं येतं तुम्हाला, मग अडचण काय?” मी विचारलं.

अण्णांनी ईटीपीची, म्हणजे सांडपाणी प्रक्रियेची वही काढली. एका बॅचला अर्धा दिवस लागतो आणि साठवायला टाकी एकच. वहीत रोजची नोंद होती, मधे मधे मात्र रिकाम्या ओळी. २८, २९, ३०. पुन्हा २९, ३०. त्यांनी बोट ठेवलं आणि काही बोलले नाहीत. त्या तारखा मला पाठ होत्या. महिनाअखेरीला विक्रीचा आकडा गाठायचा म्हणून दुप्पट माल, “आज रात्रीच हवा” असा फोन. तो फोन मीच करायचे.

“त्या दिवशीचं पाणी?”

“नाल्यात, ताई.”

इथले नाले खाडीला मिळतात. मी मुलुंडला राहते, रोज ऐरोलीच्या पुलावरून जाते. थंडीत खाली चिखलात गुलाबी पट्टा दिसतो म्हणून मुलीला गाडीत पुढे बसवते. २०१५ पासून ते फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत.

ऑफिसात सगळं जसंच्या तसं सांगितलं. आमच्या साहेबांचं पहिलं वाक्य, “काढून टाका त्याला.” नियमाने ते चूक नव्हतं, गुन्हाच होता तो. पण मी अडून बसले. अण्णांना काढलं तर काम त्या नऊ सारख्या अक्षरांपैकी कुणाकडे तरी जाणार आणि वही कधीच कुणी दाखवणार नाही. शिवाय त्यांची बिलं आम्ही नव्वद दिवसांनी देत होतो. सूक्ष्म-लघु उद्योगांचं पेमेंट ४५ दिवसांच्या वर नेता येत नाही, हे २००६ च्या कायद्यात आहे. म्हणजे बेचाळीस प्रश्नांच्या फॉर्मवर आम्ही स्वतःच नापास होतो. तीन बैठका झाल्या, एकीत आवाजही चढले.

शेवटी ठरलं ते असं: पिवळं पाणी नाल्यात जाणं त्याच दिवसापासून बंद, भले माल उशिरा येवो. शेड्यूल चार आठवड्यांत वाटून. पेमेंट ४५ दिवसांत. ड्रॉइंगवरचं पिवळं काढून सगळा माल ट्रायव्हॅलंट, किलोमागे दर वाढवून. अण्णांनी दुसरी टाकी बसवली आणि पोराला आधी डॉक्टरकडे, मग पॅकिंगला पाठवलं.

पुढचं प्रशिक्षण त्यांच्याच शेडमध्ये झालं, मराठी-हिंदीत. पुन्हा तीच बरणी. पाणी हिरवं झालं तेव्हा पावण्याचे एक पावडर कोटिंगवाले पुढे सरकले आणि मेटाचा भाव विचारला. मग प्रश्न थांबेनात. जॉबवर्कवाल्याकडे गाळ पडून असेल तर कुणाला सांगायचं, कंत्राटदाराकडून आलेल्या कामगारांचा पीएफ बघायचा कसा, आणि खरं लिहिलं तर ऑर्डर जाईल का. या शेवटच्याचं उत्तर साहेबांनी स्वतः उभं राहून दिलं: सहा महिन्यांची मुदत, ऑर्डर चालू.

गेल्या आठवड्यात नवे फॉर्म आले. पावडर कोटिंगवाल्यांचा पहिला उघडला. अक्षर त्यांचं स्वतःचं, वळणदार. सात प्रश्नांपुढे ‘नाही’, आणि समासात लिहिलंय, “मॅडम, क्र. १९ कसं करायचं ते येऊन दाखवा.”

मंगळवारी जाते आहे. अण्णाही येणार आहेत.