तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाइलवरच्या गेमचा सेव्ह जातो कुठे?

‘रोज सेव्ह करत होतो, तरी फोन बदलल्यावर गेम पहिल्यापासून सुरू झाला. असं का?’ गेम बॉय ॲडव्हान्स या निन्टेंडोच्या जुन्या हातातल्या कन्सोलचे गेम एम्युलेटरवर (फोनवर त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या ॲपवर) खेळणारे हे सारखं विचारतात. बहुतेक वेळा उत्तर असतं: सेव्ह केलाच नव्हता, सेव्ह स्टेट घेतली होती.

गेमच्या आतल्या मेनूतून सेव्ह केलं की डेटा कार्ट्रिजवरच्या (गेमच्या कॅसेटमधल्या) मेमरीत जातो. एम्युलेटर ती मेमरी ‘.एसएव्ही’ फाइलमध्ये ठेवतो. सेव्ह स्टेट म्हणजे त्या क्षणी यंत्रात जे होतं त्याचा फोटो: २५६ केबी रॅम, ३२ केबीची वेगवान रॅम, ९६ केबी व्हिडिओ रॅम, प्रोसेसरची रजिस्टर्स. हा फोटो प्रत्येक ॲप आपल्या पद्धतीने काढतं. एमजीबीए या एम्युलेटरची स्टेट दुसऱ्या ॲपला सहसा वाचता येत नाही. कधी त्याच ॲपची नवी आवृत्तीही जुनी स्टेट नाकारते. एसएव्ही मात्र बहुतेक ठिकाणी चालते. रेट्रोआर्क या अनेक एम्युलेटर एकत्र चालवणाऱ्या ॲपमध्ये न्यायची तर एक्स्टेन्शन (नावातला टिंबानंतरचा भाग) बदलून ‘.एसआरएम’ करा.

स्टेट धोक्याची आहे ती आणखी एका कारणाने. अनेक एम्युलेटरांत तिच्यात कार्ट्रिजची मेमरीही असते. गेल्या आठवड्याची स्टेट उघडलीत, की कालचा खरा सेव्हही मागे जाऊ शकतो. अवघड लढाईआधी स्टेट जरूर घ्या, पण खेळ थांबवताना गेममध्येच सेव्ह करा.

पोकेमॉन फायररेड किंवा एमराल्डमध्ये ‘द १एम सब-सर्किट बोर्ड इज नॉट इन्स्टॉल्ड’ असा निरोप आला तर घाबरू नका, पण पुढे खेळूही नका, कारण सेव्ह होणारच नाही. या गेमना सेव्हसाठी १२८ केबी फ्लॅश मेमरी लागते आणि एम्युलेटरने ६४ केबी धरलेली असते. सेव्ह टाइप ‘फ्लॅश १२८के’ करा (संगणकावरच्या एमजीबीएत हे ‘गेम ओव्हरराइड्स’मध्ये आहे) आणि गेम पुन्हा सुरू करा. इतर अनेक गेमना वेगळ्या प्रकारची सेव्ह मेमरी, म्हणजे ३२ केबी एसरॅम किंवा ५१२ बाइट्स वा ८ केबी ईईप्रॉम लागते, म्हणून सगळ्यांना एकच सेटिंग लावू नका.

रेट्रोआर्कमध्ये ‘सेव्हरॅम ऑटोसेव्ह इंटरव्हल’ (सेव्ह दर किती वेळाने आपोआप फाइलमध्ये लिहायचा ते) १० सेकंद ठेवा. ते बंद असेल तर फाइल गेम नीट बंद केल्यावरच लिहिली जाते. फोनने ॲप मध्येच मारलं की सेव्ह गेला.

फोन बदलताना आधी एसएव्ही फाइल बाहेर कॉपी करा, मगच जुनं ॲप काढा. फाइल ‘अँड्रॉइड/डेटा’मध्ये असेल तर ॲपबरोबर तीही पुसली जाते. गेमची फाइल आणि एसएव्ही, दोन्हींचं नाव एक्स्टेन्शन सोडून अक्षरन् अक्षर सारखं हवं. एका कंसाचा फरकही चालत नाही. नव्या फोनवर ‘कंटिन्यू’ न दिसता फक्त ‘न्यू गेम’ दिसला, तर काहीही सेव्ह न करता बाहेर पडा आणि आधी नावं तपासा.