एक ओळ काढली, सहा पावत्या गेल्या

डिसेंबरातली सकाळ. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर मी बघतो. काट्यावर गाड्यांची रांग, आणि ऑफिसात एक मावशी टेबलावर सहा काटापावत्या मांडून उभ्या. नवरा दिवाळीनंतर वारला. चुकारा विचारायला आल्या होत्या, आणि स्क्रीनवर त्यांच्या माणसाच्या नावावर किलोभर कापूस नव्हता. नावच नव्हतं.

"सत्तावीस क्विंटल हाये भाऊ. गेला कुठी?"

ऑपरेटरने सांगितलं ते असं: मुलाला वडिलांच्याच मोबाइल नंबरवर खातं उघडायचं होतं. 'नंबर आधीच नोंदलेला आहे' असं येत होतं, म्हणून त्याने जुनं खातं काढून टाकलं. त्याचं काय चुकलं? बटण मीच दिलं होतं.

पावत्यांच्या टेबलात सभासदाच्या आयडीवर फॉरेन की, म्हणजे पावतीला सभासदाशी बांधणारी गाठ, आणि तिच्यावर ऑन डिलीट कॅस्केड: सभासद पुसला की त्याच्या पावत्याही आपोआप पुसल्या जातात. चाचणीचा डेटा झटकन पुसता यावा म्हणून सुरुवातीला लावलं आणि विसरलो. डेटाबेसने सांगितलं, एक ओळ काढली. मागोमाग गेलेल्या सहा पावत्या तो त्यात मोजत नाही. पुसलेल्या पावतीची नोंद ठेवायला ट्रिगर, म्हणजे ओळ पुसली की आपोआप चालणारा कोड, होता की! पण आमच्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये कॅस्केडने गेलेल्या ओळींसाठी ट्रिगर चालतच नाही, हे मला त्या दिवशी कळलं. बॅकअप सात दिवसांचे, खातं काढून दहा दिवस झालेले.

शेवटी काट्यावरची कार्बन प्रतींची बुकं काढली. मावशींच्या पावत्यांशी आकडा न् आकडा ताडून पुन्हा भरलं. दुपार त्यातच गेली.

रात्री टेबलं बदलली. सभासद वेगळा, लॉगिन वेगळं. पावत्या सभासदाला बांधल्या आणि कॅस्केडच्या जागी रिस्ट्रिक्ट: पावती असेल तोवर सभासद पुसलाच जात नाही. लॉगिन बंद करताना फक्त तारीख पडते. नंबरचा तिढा मात्र उरला. नंबर आणि बंदची तारीख मिळून युनिक करावं, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा बसू द्यायची नाही, तर चालू खात्याची तारीख नल, म्हणजे रिकामी, आणि दोन नल एकसारखे धरले जात नाहीत. एकाच नंबरची दोन चालू खाती खुशाल बसतात. म्हणून वेगळा रकाना: चालू खात्याला 0, बंद खात्याला त्याचाच आयडी. नंबर आणि हा रकाना मिळून युनिक.

दुसऱ्या दिवशी मुलाचं खातं त्याच नंबरवर उघडलं. मावशींना स्क्रीनवर सहाही पावत्या दाखवल्या, म्हटलं, आता कागद सांभाळायची गरज नाही. त्यांनी ते मोजून दवाखान्याच्या पिशवीत परत घातले.

"मंग काल काहून नव्हतं दिसत?"