तीनदा ओढलेलं कुलूप

गेल्या वर्षी एक कथा लिहिली होती. साठी उलटलेली, एकटी राहणारी बाई. लिहून झाल्यावर मीच स्वतःवर खूश. मैत्रिणीला वाचायला दिली. वाचनाच्या बाबतीत ती कुणाची भीडभाड ठेवत नाही. दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"अगं, तुझ्या बाईला हातच नाहीत."

"म्हणजे?"

"सोळा पानांत ती एकदाही काही उचलत नाही, ठेवत नाही, पुसत नाही. नुसती खिडकीशी उभी राहून आठवत बसते. आणि बाहेर पाऊस. तुझा पाऊस कधी थांबतो का गं?"

राग आलाच. पण रात्री कथा पुन्हा काढली आणि तिचं म्हणणं खरं निघालं. एकटेपणावर मी इतकं काही वाचून ठेवलं होतं की बाईच्या जागी त्या सगळ्या वाचनाचा गोषवारा उभा राहिला होता. एकट्या राहणाऱ्या माणसाकडे नीट पाहिलं मात्र नव्हतं. तसा एक माणूस माझ्या दारासमोरच राहतो, हे तर आणखीच वाईट.

मग फोन उघडून 'नंतर वाचू' म्हणून ठेवलेले लेख मोजले. ४१२. त्यातले साठेक 'लेखन कसं करावं' या विषयावरचे! शिवाय चौदा न्यूजलेटरं, एकवीस व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, आणि चालताना कानात दीडपट वेगानं पळणारे पॉडकास्ट. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडलं होतं की माहिती माणसाचं लक्ष खाते, त्यामुळे माहितीचा सुकाळ झाला की लक्षाचा दुष्काळ पडतो. हे वाक्यही मी साठवून ठेवलं होतं. दोन ठिकाणी.

पहिल्या रविवारी म्हटलं, एकेक वाचून निकाली काढू. संध्याकाळपर्यंत अकरा संपले आणि त्यांच्यातल्या दुव्यांवरून नवे नऊ जमा झाले. शेवटी सगळे एकदम पुसले. हात थरथरला, खोटं कशाला बोलू! नंतर त्यातल्या एकाच लेखाची आठवण झाली, तीही कपड्यावरचा शाईचा डाग कसा काढायचा याची.

न्यूजलेटरं बंद केली, ग्रुप म्यूट केले, बातम्या दिवसातून एकदाच. हे सगळं सोपं गेलं. अवघड गेलं ते 'दोन मिनिटं बघते आणि लिहायला बसते' हे सोडणं. सोफी लरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं तर मन थोडंसं पहिल्यातच अडकून राहतं आणि दुसरं काम बिघडतं. तिनं त्याला 'अटेन्शन रेसिड्यू' म्हटलंय. मी गाळ म्हणते. दोन मिनिटांच्या बघण्याचा गाळ माझ्या वहीवर अर्धा तास तरी बसलेला असायचा.

जागा तर रिकामी झाली. पण बघणं काही आपोआप सुरू झालं नाही. आधी मी दिसेल त्याचे फोटो काढत सुटले. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी संग्रहालयात केलेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांनी ज्या वस्तूंचे पूर्ण फोटो काढले, त्या वस्तू त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. पण वस्तूच्या एखाद्याच भागावर झूम केलं तेव्हा आठवण तशी घसरली नाही. मी फोटो बंद केले, झूम तेवढं ठेवलं: एका वेळी एक माणूस, त्याची एक हालचाल.

वहीतली पहिल्या आठवड्याची पानं आता वाचवत नाहीत. 'बाई अस्वस्थ दिसत होती.' कशावरून? हा तर माझा निकाल झाला, पुरावा कुठाय? 'ढग कापसासारखे.' बरं. मग स्वतःला दोन गोष्टींची बंदी घातली, उपमा आणि निष्कर्ष. हातांनी काय केलं, किती वेळा केलं, आवाज कसला आला, एवढंच लिहायचं. त्यानंतरची एक नोंद अशी आहे: 'रांगेतली बाई. पावतीची घडी घालते. परत घडी. नखाएवढी होईपर्यंत. नंबर पुकारल्यावर ती घडी उलगडता उलगडत नाही, मागचे दोघं पुढे जातात.' 'अस्वस्थ' हा शब्द यात कुठेच नाही.

आणि मग समोरचे गृहस्थ. इतकी वर्षं जिन्यात भेटलो की मान हलवायची, संपलं. एका सकाळी दारातच उभी राहून पाहिलं. त्यांनी कुलूप लावलं. ओढलं. किल्ली खिशात टाकली, खिसा वरून चाचपला. कुलूप पुन्हा ओढलं, या वेळी डाव्या हातानं. चार पायऱ्या उतरले, थांबले, वर आले, तिसऱ्यांदा ओढलं. कडी दारावर आपटल्याचा आवाज प्रत्येक वेळी वेगळा येत होता, शेवटचा सगळ्यात हळू. मग ते खाली गेले नाहीत. कुलुपावर तळहात ठेवून उभेच राहिले.

कथा परत लिहायला घेतली तेव्हा खिडकी आणि पाऊस काढून टाकले. बाईच्या हातात कुलूप दिलं. सोळाची नऊ पानं झाली. मैत्रिणीनं वाचली, बराच वेळ काही बोलली नाही.

"तळहात ठेवून उभी राहते," ती म्हणाली, "मग पुढे काय करते? कुलूप उघडून आत जाते, की जिना उतरते? तू मध्येच तोडलंयस."

मी तिला खरं ते सांगितलं. नेमका तेव्हाच फोन थरथरला आणि मी खाली पाहिलं. मान वर केली तेव्हा जिना रिकामा होता.