पद्मिनी, उसाचं पेट्रोल आणि तीन नंबरचा सिलिंडर

माझ्या मामांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी सांगलीत घराच्या मागच्या शेडमध्ये कित्येक वर्षं उभी होती. ती कोल्हापूरला आणली, ब्रेक आणि टायर करून घेतले, गाडी रस्त्यावर आली आणि खरं काम तिथून सुरू झालं. सकाळी थंड असताना पटकन सुरू व्हायची. पाच-सहा किलोमीटर छान पळायची. मग चढ लागला की गचके द्यायला लागायची आणि बंद पडायची. बॉनेट उघडं ठेवून थोडा वेळ थांबलं की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, मात्र कायम थरथर.

ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकच नाव घेतलं, कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग. एका गॅरेजमध्ये तर गाडी पाचच मिनिटं ऐकून दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा कार्ब बसवायचा आणि जोडीला इलेक्ट्रिक पंप लावायचा असा हिशेबही कागदावर करून दिला. मला ते नको होतं. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन ही साधी गोष्ट नाही. ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरची रुंदी) आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव) हे माप फियाटनं इटलीत १९३७ साली ५०८ सी या गाडीत आणलं, आणि तेच माप कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीपर्यंत टिकलं. असं इंजिन जसं होतं तसं चालवून दाखवायचं, ही माझी जिद्द होती आणि आहे.

उद्यमनगरात एक मिस्त्री आहेत. वय झालंय, आता नवीन गाड्या हातात घेत नाहीत. त्यांनी गाडी सुरूही न करता पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाले, "मॅडम, कार्बला हात लावू नगासा. आधी टाकी उतरवा. पेट्रोल जसं चालतं तसं आपण चालायचं."

हे एक वाक्य मी पुढं शब्दशः पाळलं. जुन्या गाडीवर काम करणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन. पेट्रोलचा प्रवास टाकीत सुरू होतो. झाकण, टाकी, जाळी, पाइप, पंप, आणि मग कार्ब. मधलं एकही ठाणं न सोडता जायचं.

पहिलं ठाणं झाकण. त्याला हवा आत यायला बारीक भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल संपत जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते, पंप ओढून ओढून थकतो आणि इंजिन उपाशी पडतं. थोडं थांबलं की हवा कुठूनतरी झिरपते आणि गाडी पुन्हा चालते. म्हणजे लक्षण तंतोतंत माझ्या गाडीचंच. परीक्षा सोपी आहे: गाडी बंद पडल्या पडल्या झाकण उघडायचं. सूंऽऽ करून हवा आत गेली तर चोर सापडला. माझ्या गाडीत आवाज आला, पण क्षीण. भोक साफ केलं, गाडी एखाद-दोन किलोमीटर जास्त गेली आणि पुन्हा थांबली. जुन्या गाडीत असंच असतं, एकाच लक्षणामागं तीन-चार कारणं दडलेली असतात. एक काढलं की सुटका झाली असं धरून चालायचं नाही.

टाकी उतरवली तेव्हा तळाशी तपकिरी चिकट राळ आणि तिच्यात गंजाची पूड होती. पेट्रोल वर्षानुवर्षं उभं राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि उरलेल्याची हवेतल्या ऑक्सिजनशी क्रिया होऊन अशी राळ बनते. वास रंगाच्या जुन्या डब्यासारखा येतो, मिस्त्रींनी ओळखला तो तोच. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे इथून पुढचा भाग माझ्या आवडीचा. आधी टाकी डिटर्जंट आणि गरम पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतली, वास पूर्ण जाईपर्यंत. हे टाळू नका. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा एकत्र असतात. अशा टाकीजवळ वेल्डिंग तर सोडाच, काडीसुद्धा ओढू नये.

मग धुण्याच्या सोड्याचं पाणी भरलं. साध्या लोखंडाची सळई टाकीला कुठंही टेकणार नाही अशी मधोमध लटकवली, बॅटरी चार्जरचा धन तिला जोडला आणि ऋण टाकीला. गंज सुटून येतो आणि चांगला पत्रा खात नाही, म्हणून मला ही पद्धत ॲसिडपेक्षा बरी वाटते. दोन गोष्टी सांभाळायच्या. हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर करायचं. आणि स्टेनलेस स्टीलची सळई वापरायची नाही, तिच्यातल्या क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. काम झालं की टाकी लगेच वाळवून आत थोडं तेल फिरवायचं, नाहीतर ओल्या पत्र्यावर गंज पुन्हा धरतो.

पाइपांची कथा वेगळी निघाली. टाकीकडून येणारा धातूचा पाइप ठीक होता, पण रबराचे दोन्ही तुकडे बाहेरून धडधाकट आणि आतून फुगून मऊ पडलेले होते. कापून बघितले तेव्हा आतलं भोक निम्म्यावर आलं होतं. पंपानं ओढलं की अशी नळी आत बसते आणि वाट बंद होते.

इथं पेट्रोलबद्दल बोलायला हवं. ही गाडी बनली तेव्हा पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये शिसं होतं आणि उसापासून बनणारं इथेनॉल नव्हतं. देशात शिसं २००० साली बंद झालं, आणि आता आपण भरतो त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मोजलं. मोजपात्रात ८० मिली पेट्रोल आणि २० मिली पाणी घालून हलवलं आणि स्थिर होऊ दिलं. पाण्याचा थर २० वरून सुमारे ३५ वर गेला. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्याकडं ओढलं गेलं. हा प्रयोग बारावीच्या मुलांना दाखवला तेव्हा वर्गात जी शांतता पसरली, ती मला एरवी क्वचितच मिळते.

इथेनॉलच्या विरोधात मी नाही. आमच्या घरचा ऊस कारखान्याला जातो, हंगामात त्याच ट्रॉल्यांच्या मागं माझी पद्मिनी ताटकळत उभी असते, आणि इथेनॉलमुळं कारखान्याच्या हातात चार पैसे येतात हे मला ठाऊक आहे. पण १९८४ च्या रबराला ते सोसत नाही, हेही तितकंच खरं. ते जुनं रबर फुगवतं, टाकीतली जुनी राळ सोडवून कार्बच्या जेटपर्यंत, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकापर्यंत, नेतं आणि हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणून नवी नळी घेताना साधी पेट्रोल नळी घेऊ नका. आतून व्हायटॉनचं, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं, अस्तर असलेली, 'आर ९' दर्जाची मागा. महाग आहे, पण लागते हातभरच. पंपाचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा) आणि कार्बची निडल (पेट्रोल आत सोडणारी-थांबवणारी सुई) यांनाही हेच लागू.

एसी पंप, म्हणजे इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा जुना मेकॅनिकल पंप, याची तब्येत डिपस्टिकवर, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर, कळते. मिस्त्रींनी ती काढून हुंगली आणि माझ्या नाकाशी धरली. ऑइलला पेट्रोलचा वास येत होता आणि पातळी खुणेच्या वर होती. डायफ्रामला बारीक चीर गेली की पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगं मरतात. पंपाचा दोष इंजिन संपवतो तो असा. कार्बकडची नळी सोडून बाटलीत धरली आणि स्टार्टर मारला, तर दणकट पिचकाऱ्या यायला हव्यात. माझ्या पंपातून थेंब यायचे. डायफ्राम बदलला, ऑइल लगेच बदललं.

आता कार्ब. सोलेक्स कार्ब उघडणं हे मला या सगळ्या कामातलं सर्वांत सुंदर काम वाटतं. पितळेचा फ्लोट, म्हणजे कार्बमधली पेट्रोलची पातळी सांभाळणारा पोकळ तरंगता डबा, गरम पाण्यात बुडवला. बुडबुडे आले असते तर त्याला भोक, पण आले नाहीत. कार्बचं बूड काचेवर ठेवून बघितलं तर ते मधोमध उचललेलं होतं, वर्षानुवर्षं नट आवळून वाकलेलं. काचेवर एमरी पेपर ठेवून ते हळूहळू सपाट केलं. थ्रॉटलचा, म्हणजे ॲक्सिलरेटरनं उघडणाऱ्या झडपेचा, दांडा त्याच्या भोकात हलत होता, म्हणजे तिथूनही फुकटची हवा आत जात होती. त्याला उद्यमनगरात लेथवर पितळेचे बुश करून बसवले. ज्या गल्ल्यांमध्ये शेतीच्या ऑइल इंजिनांचे भाग पिढ्यान् पिढ्या ओतले आणि घासले गेले, तिथं असा बुश करून मागितला तर कुणाच्या कपाळावर आठी येत नाही. कोल्हापुरात जुनी गाडी सांभाळण्याचं हे सुख आहे.

जेटचा हिशेब मात्र मी स्वतः केला. शुद्ध पेट्रोलचा एक भाग जाळायला वजनानं साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के मिश्रणाला सुमारे साडेतेरा. कार्बला हे कळत नाही. तो जुन्याच प्रमाणात पेट्रोल सोडतो, त्यामुळं मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. पातळ मिश्रणावर इंजिन तापतं, पिकअपला अडखळतं, प्लगची टोकं पांढरी पडतात. माझे प्लग पांढरेच होते. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. माझ्या मेन जेटवर १२० होतं, मी १२५ चं लावलं. भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे जवळजवळ हवं तेवढंच. जेट ड्रिलनं मोठं करणारे लोक आहेत; तसं करू नका, भोकाच्या कडेचा आकारही पेट्रोल मोजत असतो. प्लग आता फिक्या तपकिरी रंगाचे येतात.

एवढं झाल्यावर गाडी बंद पडणं थांबलं, पण तापल्यावर मिसिंग, म्हणजे मधेच स्पार्क चुकून गचका, राहिलं. आता पेट्रोलची पूर्ण खात्री होती, म्हणून मोकळ्या मनानं करंटकडं वळता आलं. स्पार्क तयार करणारे पॉइंट उघडझाप करतात आणि कंडेन्सर त्यांना जळण्यापासून वाचवतो. माझा कंडेन्सर थंड असताना ठीक आणि तापला की मेला, असा होता. तापल्या इंजिनावर स्पार्क पिवळट आणि लुळा, पॉइंटची तोंडं काळी. पुण्याच्या नाना पेठेतून जुन्या साठ्यातला एक कंडेन्सर मिळाला, पॉइंटचा गॅप ०.४ मिलिमीटरला लावला. तापल्यावर बंद पडणारी गाडी पेट्रोलमुळंच पडते असं नाही, हा कंडेन्सर हुबेहूब तसंच सोंग घेतो.

राहिली आयडलिंगची थरथर. कॉम्प्रेशन गेजवर तीन सिलिंडर १३० पीएसआयच्या आसपास आणि तीन नंबर ९५. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर ऑइलनं फट भरून आकडा चढला असता. तो ढिम्म राहिला, म्हणजे गळती वर, व्हॉल्व्हकडं. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र पडले असते तर हेड गॅस्केटवर संशय घेतला असता. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागात मुद्दाम ठेवलेली बारीक फट, बघितला, तर तीन नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला गॅप जवळपास नव्हताच. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नव्हता, त्यामुळं त्याची उष्णता सीटमध्ये, म्हणजे तो ज्या कड्यावर बसतो तिथं, उतरत नव्हती आणि कड जळाली होती. पूर्वी शिशाचा पातळ लेप सीटचं रक्षण करायचा. शिसं गेलं आणि मऊ सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकला की टॅपेटचा गॅप आपोआप खातो. हेड ॲल्युमिनियमचं, सीट वेगळ्या बसवलेल्या, म्हणून एक्झॉस्टच्या चारही सीट कडक धातूच्या करून घेतल्या, नवे व्हॉल्व्ह सीटवर घासून घट्ट बसवले. टॅपेट आता मी दर सर्व्हिसिंगला बघते.

परीक्षा पन्हाळ्याच्या रस्त्यावर घेतली, एप्रिलच्या दुपारी, मुद्दाम. शेजारी मिस्त्री बसले होते. वाघबीळच्या चढाला हँडगिअर दुसऱ्यात टाकला आणि कान इंजिनाकडं लावले. वर पोचेपर्यंत एकही गचका नाही. "आता म्हणतीय बघा," एवढंच ते बोलले. वर पोचल्यावर मात्र इंजिन बंद करून पाच मिनिटांनी सुरू केलं तर थोडं कुरकुरलं. आजचं पेट्रोल ज्या गाड्यांसाठी बनतं त्यांचा पंप टाकीत असतो आणि दाबानं पुढं ढकलतो. पद्मिनीचा पंप तापल्या इंजिनाला चिकटून लांबून ओढतो, त्यामुळं ओढीखाली पेट्रोलची वाफ लवकर होते. पंपावर ओलं फडकं ठेवण्याची जुन्या ड्रायव्हरांची युक्ती यासाठीच होती. मी पाइप एक्झॉस्टपासून लांबून वळवला आणि मधे पत्र्याची आड दिली. फडकं डिकीत ठेवलंय, अजून लागलेलं नाही.

पावसाळा आला की टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत हवा जास्त, हवेत ओल जास्त, आणि ती ओल इथेनॉल पिऊन घेतं. फार पाणी जमलं की इथेनॉल त्याच्यासकट तळाला बसतं आणि पंप पहिल्यांदा तेच उचलतो. गाडी दोन महिने हलणार नसेल तर कार्बकडची नळी सोडून इंजिन तसंच चालू ठेवायचं, कार्बमधलं पेट्रोल संपेपर्यंत. सुटलेलं टोक बाटलीत धरा, कारण पंप तोवर पेट्रोल सोडतच राहतो.